नवा भाग सुरू झाला

संगणकाच्या काळ्या पडद्यावर एकेक ओळ हिरवी होत गेली की मला अजूनही लहान मुलासारखा आनंद होतो. अंध मुलींच्या शाळेत तो जरा जास्तच झाला.

तिथल्या बोलक्या पुस्तकांची सेवा मी तयार केली आहे. पुस्तकं साठवणारा, शोधणारा आणि ऐकवणारा असे तिचे भाग वेगवेगळ्या कंटेनरमध्ये, म्हणजे संगणकातल्या स्वतंत्र कप्प्यांमध्ये, चालतात. त्या सकाळी शोधणारा भाग बदलायचा होता. आतापर्यंत पुस्तक शोधून द्यायला कुणीतरी डोळस माणूस लागायचं. आता मुली नुसतं बोलून मागणार होत्या.

तिथल्या अंध शिक्षिका शोभाताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. "मुली आत्ता ऐकताहेत. त्यांची गोष्ट मध्येच तुटेल का हो?"

"नाही. जे बदललंय तेवढंच थांबेल." मी कमांड दिली आणि उमटणाऱ्या ओळी मोठ्याने वाचू लागले. "नवा भाग उतरला... जुना थांबला..."

शेजारच्या वर्गातून मुलींच्या हसण्याचा आवाज आला. गोष्ट चालूच होती. एवढंसं काही बदलायला निघताना आपण उगाचच सगळं थांबवून बसतो, असं वाटून गेलं.

"सुरू झाला!" मी म्हणाले. "कुठल्या मुलीला बोलवायचं?"

"कुणालाच नको." शोभाताईंनी माइक स्वतःकडे ओढला आणि वर्गात ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, "भुताची गोष्ट. चांगली घाबरवणारी."

गोष्ट सुरू होताच त्यांनी हसत हसत माझा हात घट्ट धरला.