सुमेरचा अर्धा धडा

धम्मरत्न इंगळे सरांना आमच्या गावात कुणी नावानं ओळखत नाही. सगळे ‘सुमेर सर’ म्हणतात, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडतं. मलकापूरच्या पुढं, पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यातलं आमचं गाव. जमीन काळीभोर, पण बोअरचं पाणी असं खारं की चहाला वापरलं तर दूध फाटावं. सरांनी इथल्याच शाळेत बत्तीस वर्षं इतिहास शिकवला. पुस्तकात सुमेर, म्हणजे इराकमधली हजारो वर्षांपूर्वीची संस्कृती, अर्ध्या पानाचं. सर तो धडा जूनमध्ये उघडत आणि पोळ्यापर्यंत मिटत नसत. पुढचे सगळे राजे आम्ही परीक्षेच्या आदल्या आठवड्यात धावतपळत उरकले.

आमचं शेत सरांच्या शेताला लागून, त्यामुळे मला सुमेर वर्गातही मिळालं आणि बांधावरही. चाक तिथलं, नांगर तिथला, लिहिणं तिथलं. शाळाही तिथली, आणि त्या शाळेतही पोरांना मार बसायचा, हे सर विशेष आनंदानं सांगत. एसटी उशिरा आली की म्हणत, “तासाची साठ मिनिटं आपल्याले त्यायच्याच मोजणीतून भेटली.” म्हणजे उशीर मोजायची तेवढी सोय झाली. कोकिळाबाई, त्यांच्या घरच्या, पेरांवर अंगठा फिरवत पापड मोजू लागल्या की सर शेजारी उभे. एका हाताची बारा पेरं, दुसऱ्या हाताची पाच बोटं, झाले साठ, हे सुमेरचंच.

“मले माह्या मायनं शिकवलं,” कोकिळाबाई म्हणायच्या. “माय कधी गेलती तिकडं?”

एकदा सरांनी शाळेच्या आवारात मातीचं पायऱ्यापायऱ्यांचं सुमेरी देऊळ उभारलं. दुसऱ्या दिवशी सगळ्यात वरच्या पायरीवर एक बकरी बसलेली. वर फक्त पुजाऱ्यानं जायचं असतं, हे सर तिला बराच वेळ समजावत होते.

सातवीत मात्र खरी कमाल. नदीची चिकणमाती मळायची, वीतभर पाटी थापायची आणि तुरीच्या काडीनं तीवर सर सांगतील तो सुमेरचा धडा लिहायचा. वह्या फाटतात, माती टिकते, असं सरांचं म्हणणं. आमच्या आयांचं म्हणणं गणवेशाबद्दल होतं, ते इथं लिहीत नाही. त्या पाट्या सरांनी कुंभाराच्या भट्टीत भाजून घेतल्या आणि घरी नेऊन ठेवल्या.

सर निवृत्त झाले आणि शेत संघपालकडं आलं. संघपाल त्यांचा मुलगा, माझ्याच वर्गातला. तीन वर्षांपूर्वी त्यानं बोअर घ्यायचं ठरवलं, कारण पलीकडच्या गावात बोअरवर गहू पिकला होता. सर विरोध करायला शेतात आले आणि बोलायला सुरुवात केली ती युफ्रेटिस नदीपासून. मुद्द्यावर यायला त्यांना पाऊण तास लागला. तोवर बोअरचं भोक दीडशे फूट खाली गेलं होतं.

मुद्दा साधाच होता. सुमेरच्या लोकांनी पाट काढून रानं भिजवली. पाणी उन्हानं उडून गेलं, त्यातलं मीठ मातीतच राहिलं, आणि पुढं गव्हाची रानं पांढरी पडली. “आपलं पाणी तं त्यायच्याहून खारं हाये,” सर म्हणाले.

“बाबा, एसटी हुकली तरी सुमेर, पापड मोडला तरी सुमेर,” संघपाल म्हणाला. “आता बोअरमधूनबी सुमेरच निंघून राह्यलं काय?”

सगळे हसले. मीही हसलो, आणि त्याची मला आज लाज वाटते. पण दोष थोडा सरांचाही आहे. प्रत्येक गोष्टीला सुमेर लावून लावून, लावायच्या दिवशी त्यात काही जोरच उरला नव्हता.

पहिल्या वर्षी गहू झकास आला. सरांनी पोळ्या मुकाट्यानं खाल्ल्या. दुसऱ्या वर्षी जरा कमी आला, तर संघपालनं पाणी वाढवलं. तिसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी बांधावर होतो. शेताच्या खालच्या अंगाला सर उभे होते आणि त्यांच्या पायाशी पीठ सांडल्यासारखी पांढरी माती. आता अख्खा इतिहास ऐकावा लागणार, म्हणून मी सावरून उभा राहिलो. सरांनी फक्त वाकून चिमूटभर माती जिभेवर ठेवली. ते चार एकर त्यांच्या वडलांनी आयुष्यभर दुसऱ्याच्या शेतात राबून घेतलेले. सर घाबरले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मी त्यांना घरी घेऊन आलो. पाठोपाठ संघपाल आला, हातात पिवळी पडलेली रोपं. “अजून एक पाणी देतो,” तो म्हणाला. “मीठ धुऊन जाईन. मोटर चालू करूनच आलो.”

सरांनी कोकिळाबाईंना विचारलं, “संघपालची पाटी कुठं हाये?”

पाटी दुधाच्या पातेल्याच्या झाकणावर होती, मांजरानं झाकण ढकलू नये म्हणून. बाकीच्या पाट्याही अशाच कामाला लागल्या आहेत; माझी त्यांच्या न्हाणीत घंगाळाखाली आहे. कोकिळाबाईंनी पाटी पदरानं पुसून लेकाच्या हातात दिली. “वाच,” त्या म्हणाल्या. “तुह्यंच अक्षर हाये.”

संघपालनं पाटीवरचं वाचलं: पाणी आलं. गहू आला. मीठ वर आलं. शेत पांढरं झालं. मग

सातवीत त्या ‘मग’पाशीच घंटा वाजली होती. आम्ही काड्या टाकून पळालो होतो, आणि पुढचं कुणीच कधी विचारलं नव्हतं.

त्यानं पाटी उलटी करून पाहिली. मागं काही नव्हतं.

“बाबा,” तो म्हणाला, “मंग काय झालं?”

शाळेतली बत्तीस वर्षं आणि त्यानंतरही सर या प्रश्नाची वाट पाहत होते. त्यांचे डोळे भरले, पण आवाज सातवीच्या वर्गातलाच निघाला.

“आधी मोटर बंद करून ये.”

संघपाल गेला आणि बंद करून आला. मग बाबांसमोर मांडी घालून बसला. सरांनी पुन्हा युफ्रेटिसपासूनच सुरुवात केली. त्यानं त्यांना एकदाही थांबवलं नाही.