गेरबॉक्समधलं गोडं पाणी

दादूकाकांना मी चारचौघांत बोटीवरून उतरवलं, हे आमच्या गावात सगळ्यांना माहीत आहे. का उतरवलं तेही सगळे सांगतात, आणि ते साफ खोटं आहे. ते खोटं माझंच. त्यामुळे दादूकाकांबद्दल चार शब्द लिहायचे तर ते मीच लिहायला हवेत. लिहिताना लाज वाटते. वाटू दे.

आमचं गाव पनवेलच्या खाडीकाठी. आजोबांचं मिठागर होतं आणि दादूकाकांचे वडील त्या मिठागरावर टोपल्या वाहायचे. दादूकाकांनीही लहानपणी वाहिल्या. पुढे ते मीठ वाहून नेणाऱ्या होडीवर, पडावावर, चढले, मग मच्छीमार बोटींवर खलाशी झाले आणि शेवटी तांडेल झाले, म्हणजे बोट चालवणारे, बोटीवरचा पहिला आणि शेवटचा शब्द ज्यांचा ते. मिठागराची जमीन सरकारने घेतली तेव्हा मोबदल्यात साडेबारा टक्के जमिनीचे प्लॉट आम्हाला मिळाले, कारण सातबारा आमच्या नावावर. मीठ वाहणाऱ्यांच्या नावावर काय असणार? आम्ही रोडपालीला नवव्या मजल्यावर राहायला गेलो. दादूकाका आणि त्यांची बायको जनीकाकू गावातल्या त्याच दोन खोल्यांत राहिले.

प्लॉट विकून आलेल्या पैशांतून मी बोट घेतली. लोकांना समुद्रावर फिरवायचं, जमलं तर गळ टाकायला न्यायचं, असा धंदा डोक्यात होता. खरं सांगायचं तर धंदा नंतर, आधी हौस. हौस माझी आणि बोट दादूकाकांच्या हातात. चौसष्ट वर्षांचा वाळका माणूस, मशीनच्या आवाजाने एक कान गेलेला. पण गेरबॉक्सवर नुसता तळहात ठेवून आत काय चाललंय ते सांगायचे. पुढचा गेर काढून मागचा टाकायच्या आधी इतका वेळ थांबायचे की मला राग यायचा.

"काका, टाका ना."

"घाय कसली रं? मशीनला दम घेव दे."

मशीन ते कधीही पाण्याने धुवायचे नाहीत. डिझेलमध्ये फडकं बुडवून पुसायचे, कोपरान्‌कोपरा.

दसऱ्याला बोटीच्या मशीनची पूजा करायची होती. दादूकाका संध्याकाळी येणार होते. मला कुठला धीर? दुपारीच बायकोला, स्नेहलला, घेऊन जेटीवर गेलो. फोटो चांगले यायला हवे होते. गेरबॉक्सच्या डोक्यावर आतली हवा सुटायला एक छोटी पितळी टोपी असते. ती काळी पडली होती. मी ती फिरवून काढली, चिंच लावून लखलखीत घासली आणि हळदकुंकवाच्या ताटात ठेवली. मग जेटीवरच्या नळाची नळी लावून अख्खं मशीन धुऊन काढलं. टोपीच्या जागचं भोक उघडंच होतं. तिकडे माझं लक्षही गेलं नाही. टोपी परत बसवली, झेंडूचा हार घातला, फोटो काढले.

दादूकाका आले तेव्हा खालच्या फळ्या ओल्या होत्या.

"मशीनवर पानी मारलास काय?"

"छे! फळ्या धुतल्या."

का खोटं बोललो? ओरडा खायची सवय गेली होती, दुसरं काही नाही.

दिवाळीनंतरच्या शुक्रवारी, दसऱ्यानंतर पहिल्यांदाच बोट काढून, सासरची नऊ माणसं घेऊन दिघीला निघालो. पुढारी माझा मेहुणा अपूर्व, पुण्याला मोठ्या कंपनीत. त्याला बोट दाखवायची म्हणून मी दोन महिने आतुर होतो. निघताना दादूकाका ऑइल बघायला खाली वाकले तर मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बघितलंय मी सगळं. पाहुणे उन्हात उभे आहेत, चला." मी काहीही बघितलं नव्हतं. माझ्या शब्दावर त्यांनी बोट सोडली.

दिघी जवळ आली आणि गेरबॉक्समधून घरघर सुरू झाली. थोड्या वेळाने मशीन नुसतं गरजायला लागलं आणि बोट जागची हलेना. पाण्याखालचा पंखा फिरतच नव्हता. शेवटी एका मच्छीमार बोटीने दोर टाकून आम्हाला बंदराला ओढत नेलं. धक्क्यावरची माणसं हसत होती. अपूर्व मोबाइलवर शूटिंग करत होता.

दिघीत असला गेरबॉक्स उघडणारं कुणी सापडेना. मी पनवेलला शमुएल मिस्त्रींना फोन लावला. शमुएल मिस्त्री म्हणजे आमच्याकडचे जुने बेने इस्रायली, कोकणातले ज्यू, मुंबईच्या गोदीतून निवृत्त झालेले. बोटीच्या गेरबॉक्समध्ये त्यांचा हात धरणारा अख्ख्या खाडीत नाही.

"आज सूर्य मावळला की माझा शब्बाथ लागतो," ते म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत हत्याराला हात नाही आणि गाडीतही बसणार नाही. रविवारी पहिल्या एसटीने निघतो. तोवर काही उघडू नका आणि कुणाला बोलही लावू नका."

मी त्यांना दुप्पट पैसे देऊ केले. त्यांनी शांतपणे फोन ठेवला.

तो एक शनिवार मला धड काढता आला नाही. सकाळपासून अपूर्व धक्क्यावर येरझारा घालत होता. शेवटी सगळ्यांच्या देखत म्हणाला, "भाऊजी, एवढी महागडी वस्तू तुम्ही अशा माणसाच्या हातात कशी देता? यांना ऐकूही येत नाही नीट."

दादूकाका चार पावलांवर दोर गुंडाळत होते. मला तिथेच म्हणता आलं असतं की या माणसाने मला पोहायला शिकवलंय, तोंड सांभाळून बोल. त्याऐवजी मी दादूकाकांकडे वळून ओरडलो, "पुढचा गेर असताना मागचा दाबलात ना? खाल्लात ना गेरबॉक्स?"

"नाय शेट. आदी आवाज आला, मंग मी हात लावला." पाहुण्यांसमोर ते मला शेट म्हणायचे.

"मग काय आपोआप तुटला?"

"माजे हातनं नाय झाला."

"उतरा. बॅग घ्या आणि घरी जा. तुमचं काम संपलं."

धक्क्यावरची दहाबारा माणसं बघत होती. स्नेहलने माझा हात धरला, तो मी झटकला. दादूकाकांनी आपली पिशवी घेतली, जाताना सवयीने बोटीच्या दोराची गाठ तपासली आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. अपूर्व म्हणाला, "बरं केलंत." मला त्या क्षणी खरंच बरं वाटलं. हे लिहायला सगळ्यात जड जातंय.

दुपारी सासरची माणसं गाडी करून गेली, त्यांच्याबरोबर स्नेहलही.

रविवारी शमुएल मिस्त्री आले. सत्तरीचे, पांढरा शर्ट, हातात हत्यारांची कॅनव्हासची पिशवी. आल्याआल्या त्यांनी विचारलं, "तांडेल कुठाय? आधी त्याच्याशी बोलू."

"घरी गेला," मी म्हणालो.

ते खाली उतरले आणि गेरबॉक्सच्या बुडाचा बोल्ट हळूच सैल केला. दोन रात्री बोट जागेवर उभी, त्यामुळे आतलं जड ते तळाला बसलेलं. आधी गढूळ पाणी ठिबकलं आणि मागून ऑइल आलं, पांढरट, ताकासारखं.

"पाणी गेलंय. प्लेटा सोलल्या, बेअरिंगही गेलं," ते म्हणाले.

मी घाईने विचारलं, "ऑइल थंड करणारा कूलर फुटला असेल ना? त्यातून समुद्राचं पाणी आत आलं असेल?" मनात म्हटलं, देवा, कूलरच असू दे.

त्यांनी बोटावर पाण्याचा थेंब घेतला, जिभेला लावला आणि बाजूला थुंकले. "गोडं आहे."

मी फडकं शोधायला लागलो.

"कूलर फुटला असता तर खारं लागलं असतं. हे नळाचं पाणी आहे. वरून कुणीतरी मारलंय." त्यांनी पितळी टोपीकडे पाहिलं. बाकीचं सगळं मशीन ऑइलने काळवंडलेलं आणि ती एकटी चमकत होती. "कुणी धुतलं होतं?"

"माहीत नाही," मी म्हणालो.

त्यांना कळलं असणार. चष्मा पुसत म्हणाले, "तांडेलाचा दोष नाही यात. त्याला सांगा तेवढं."

दोन लाख चाळीस हजारांचं काम निघालं. प्लेटा मागवाव्या लागल्या आणि मी अठरा दिवस दिघीच्या लॉजवर पडून राहिलो. पैशांचं दुःख चार दिवसांत विरलं. दादूकाकांना फोन लावायला रोज मोबाइल हातात घ्यायचो आणि ठेवून द्यायचो.

नवव्या दिवशी फोन आला तो दाजी म्हात्रेंचा. त्यांची करंजाला मच्छीमार बोट आहे.

"तुजा तांडेल कामाला इचारतोय रं. बंदरात बोलतान, गेर त्यानीच तोडला. खरा काय?"

लॉजच्या त्या खोलीत मी एकटा होतो. ना अपूर्व, ना पाहुणे, ना धक्क्यावरची माणसं. कुणाची लाज धरायची गरज नव्हती. तरी मी म्हणालो, "माणूस प्रामाणिक आहे. पण आता वय झालं."

"मंग तांडेल नको. खलाशी म्हनून घेताव."

बोट परत आणल्यावर दहाबारा दिवसांनी स्नेहल जेवताना म्हणाली, "दादूकाका दाजींच्या बोटीवर बर्फ फोडतात म्हणे. हाताचं बोट चेंगरलं त्यांचं." मी ताट बाजूला सारलं. तसाच उठून गावात गेलो. वाटेत पेढे घेतले, पण ते न्यायची लाज वाटली, गाडीतच ठेवले.

दादूकाका ओट्यावर बसले होते, उजव्या हाताच्या बोटाला चिंधी बांधलेली. मला बघून उठायला लागले. जनीकाकूंनी पदराने खुर्ची पुसली, मला बसवलं, चहा आणून दिला आणि समोर हात जोडून उभ्या राहिल्या.

"शेट, ह्यांचे हातनं तुमचा येवडा नुकसान झाला. म्हातारा झालाय, कानानी ऐकत नाय, तरी मानत नाय. मना सांगत बसतोय, माजी चूक नाय. आमाला माफ करा."

दादूकाका जमिनीकडे बघत होते. म्हणजे घरातही त्यांना कुणी खरं मानलं नव्हतं. 

मी सगळं सांगितलं. टोपी, नळी, ऑइल न बघता बघितलं म्हणालो ते, शमुएल मिस्त्रींची जीभ, दाजींचा फोन. काही वगळलं नाही.

जनीकाकूंचे जोडलेले हात खाली आले. "मंग त्या दिवशी का नाय बोल्लास?"

"पाहुणे होते, काकू."

"आन ह्यो तुजा कोन व्हता?"

 दादूकाका म्हणाले, "जाव दे गं." पण काकूंनी जाऊ दिलं नाही. "दाजीला फोन लाव. आता. आमाला ऐकू येल असा."

मी स्पीकर लावून दाजींना सांगितलं की गेरबॉक्स दादूकाकांनी नाही, मी खराब केला. त्यांचं वय झालं म्हणालो तेही खोटं होतं, हेही सांगितलं.  मग ते म्हणाले, "आता सांगतंस? तांडेल दुसरा ठेवलाय मी, होलीपरेंत."

फोन बंद झाला. मला वाटलं आता दादूकाका मला घराबाहेर काढतील, निदान शिवी देतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"ऐकलास ना, जनी?" ते म्हणाले. "माजे हातनं नाय झाला."

जनीकाकूंनी तोंडाला पदर लावला आणि त्या नवऱ्याकडे न बघता आत निघून गेल्या. महिनाभर त्यांनी आपल्या माणसाला खोटं पाडलं होतं आणि आता त्यांना त्याच्यासमोर उभं राहवेना. लाज मला वाटायला हवी होती, ती मी त्यांच्या वाट्याला घातली.