पीटरचा हात खालीच राहिला

मंडळी, आज आखातातल्या आमच्या फुजैराच्या तेल टर्मिनलवर मॅनेजरने सगळ्यांना हात वर करून सेफ्टीची शपथ घ्यायला लावली. कॅनडाच्या पीटरचा हात खालीच.

"यल्ला, पीटर! चल, हात वर!" मॅनेजर म्हणाला.

"नियम पाळीन. शपथ घेणार नाही."

चहाला मी विचारलंच. म्हणाला, त्याचे पूर्वज ॲनाबॅप्टिस्ट, युरोपातला एक जुना ख्रिस्ती पंथ. बाप्तिस्मा मोठेपणी, स्वतःच्या मर्जीने. तलवार धरायची नाही, शपथ घ्यायची नाही. त्यापायी तिथल्या राज्यकर्त्यांनी कित्येकांना नदीत बुडवून मारलं.

"म्हणजे सरकारच न मानणारे, तुम्ही अराजकवादीच की!" मी म्हटलं.

तो हसला. "नाव काहीही दे. मी 'हो' म्हटलं की हो. त्यावर सरकारचा शिक्का कशाला?"

माणूस पटला मला. घरी येऊन ऐटीत लेकीला सांगितलं, "शुक्रवारी बीचवर जाऊ."

तिने मान वर केली. "मदर प्रॉमिस?"

तुमच्या घरी तुमचं नुसतं 'हो' चालतं?