वस्तरामामांच्या खुर्चीचा नियम

आमच्या गल्लीतले निम्मे पुरुष सध्या जवळजवळ टकले आहेत आणि त्याला जबाबदार आहेत वस्तरामामा! माझं शिवणाचं दुकान त्यांच्या सलूनसमोरच, म्हणून खात्रीनं सांगते. मामांचा नियम असा, की खुर्चीत बसलात तर गोष्टीच्या पुस्तकाचं एक पान मोठ्यानं वाचायचं. अडलात तर बाकावरचे मदत करणार. म्हातारा गवंडी इथंच वाचायला शिकला. भाजीवाली पोराला घेऊन आली आणि स्वतःच शिकून गेली. गोष्ट रंगात आली, की डोक्यावर काही उरलेलं नसतानाही माणसं केस कापायला हजर!

मामा मात्र खुर्चीत कधी बसले नाहीत. तुळतुळीत टक्कल, कापणार काय?

एकदा गिऱ्हाइकाच्या तोंडाला फेस फासलेला, गोष्टीतला चोर दाराशी पोचलेला. पोस्टमन ओरडला, "मामा, तुम्हीच वाचा की! जीव टांगणीला लागलाय."

"हात ओले आहेत," मामा म्हणाले. हात पुसून झाले, तरी पुस्तक घेईनात. मग हळूच म्हणाले, "मला येत नाही रे. नात सुट्टीत येते, गोष्ट वाच म्हणते. दर वेळी चष्मा हरवल्याची थाप मारतो. यंदा थाप मारायला नको वाटतं."

असा राग आला मला! अख्ख्या गल्लीला वाचायला लावलं आणि हा माणूस स्वतः कोरडाच! दुसऱ्या दिवसापासून आम्ही हात धुऊन त्यांच्या मागे लागलो. हातात कात्री, पुस्तक धरणार कसं? म्हणून येईल तो दाढीच्या फेसानं आरशावर अक्षरं काढायचा आणि मामा केस कापता कापता वाचायचे. त्या नादात पोस्टमनची अर्धी मिशी उडाली.

"मिशी येईल परत," तो म्हणाला. "तुम्ही पुढचं वाचा!"

नात आली, आल्या आल्या पुस्तक पुढे केलं. मी मशीन सोडून धावले. सगळी गल्ली दारात गोळा झालेली. मामांनी खिसे चाचपले.

"चष्मा..." ते म्हणाले. मी कपाळाला हात लावला.

"...सापडला!"

"मग खुर्चीत बसा, आबा. नियम म्हणजे नियम." पोरीनं त्यांच्या गळ्यात कापड बांधलं आणि टकलावर मनसोक्त फेस फासला. मामा वाचू लागले. अडखळत, घाम पुसत, पण अख्खं पान वाचलं. आम्ही टाळ्या पिटल्या, पोस्टमननं तर शिट्टी मारली. मला रडूच आलं.

पोरगी मात्र आमच्यावरच वैतागली. पान उलटून म्हणाली, "आबा, पुढे काय झालं?"

"गप्प बसा रे सगळे!" मामा ओरडले आणि पुढचं पान वाचू लागले.