पांढऱ्या साडीसाठी टिटवाळ्यापर्यंत

लोक हिमालयात जातात, केरळात जातात. मी वर्तकनगरहून विठ्ठलवाडीला निघाले, एका साडीचा रंग बदलून आणायला. धाकटी बहीण सुलू हिच्या ओंकारचं लग्न आठ दिवसांवर आलेलं. नवरी प्रज्ञा, बौद्ध घरातली. लग्न त्यांच्या पद्धतीनं ठरलं, तिथपर्यंत सगळेच सुशिक्षित होते. मग कळलं की नवरी पांढरी साडी नेसणार. सुलू म्हणाली, "मग मी येत नाही." ओंकार म्हणाला, "आई नसेल तर लग्न पुढे ढकलू." हे ऐकून मुलीकडचे म्हणाले, "मग राहूच द्या." शिष्टाई आली माझ्या गळ्यात.

कल्याणची बस कापूरबावडीला पाऊण तास अडकली. वाटेत चौकाचौकात झेंडे. भगवे, निळे, हिरवे, आणि प्रत्येकाला आपला खांब शेजाऱ्यापेक्षा हातभर उंच हवा. खाली रस्त्याला खड्डे मात्र सगळ्यांचे सारखे.

विठ्ठलवाडीला प्रज्ञाच्या वडिलांनी गरम पोहे पुढे ठेवले.

"ताई, माझं काय नाय हो. पण आमच्यात सगळं दादा ठरवतो. टिटवाळ्याला असतो."

"मग फोन करा ना त्यांना!"

"फोनवर दादा ऐकत नाय."

असा एक दादा आमच्याही घरी आहे. नशीब, तो आजारी असल्यानं गप्प होता. प्रज्ञाच्या वडिलांच्या स्कूटरवर मागे बसले. शहाडजवळ चाक बसलं. पंक्चर काढणाऱ्या चाचांनी आमचे चेहरे बघून विचारपूस केली आणि हसत म्हणाले, "शादी है तो झगडा कपडे का ही होगा. हमारे में भी यही है." दिवसभरात शहाणपणाचं एवढंच ऐकलं होतं.

टिटवाळ्यात नव्या इमारतींची धूळ उडत होती. दादा निवृत्त मास्तर, खुर्चीत ताठ बसलेले. मी नमस्कार केला, ते जय भीम म्हणाले.

"पांढरं आमच्यात मंगल असतं. बदलणार नाही. आणि अक्षताही नकोत, फुलंच."

"आमच्यात पांढरं विधवेचं मानतात."

"ते तुमच्यापाशी ठेवा."

माझा तोल सुटला. "अहो, मी स्वतः विधवा आहे, अकरा वर्षं! हे बघा, निळी नेसले आहे. मला रंगाचं काही नाही. पण बहीण ऐकत नाही, तुम्ही ऐकत नाही, आणि उन्हात फिरायचं मी. हळदीला मला कोणी बोलावत नाही, शिष्टाईला बरोबर आठवण होते!"

तेवढ्यात आतून दादांच्या पत्नी भात आणि सुकटीची (सुक्या जवळ्याची) चटणी घेऊन आल्या.

"ताई, नवरीला साडी तुम्हीच नेसवा ना. माझ्या निऱ्या कधी धड येत नाहीत."

"मी? अहो, मी विधवा."

"साडीच तर नेसवायची. त्यात नवऱ्याचं काय काम?"

मला रडू आलं. रागही आला, अकरा वर्षांत माझ्या माणसांपैकी कोणी हे म्हटलं नव्हतं. दादा घसा खाकरून म्हणाले, "संध्याकाळी ठाण्याला तुमचं रिसेप्शन आहे ना? तिथं हिरवी नेसवा. माझी हरकत नाही. पण अक्षता नाहीत."

"फुलं चालतील," मी म्हटलं आणि भात दोनदा वाढून घेतला.

परतले तेव्हा दिवेलागण झाली होती. सुलू दारातच उभी.

"सकाळी पांढरी, संध्याकाळी हिरवी," मी सांगितलं. "आणि सकाळी तू यायचंस."

तिनं सुटकेचा श्वास टाकला. "येईन गं. हिरवी नेसवायला जाऊबाईंना सांगते."

"नको. दोन्ही मीच नेसवणार आहे."

"पण हिरवी... तू? लोक काय म्हणतील?"

परक्या घरानं मला सकाळची साडी एका वाक्यात दिली होती. संध्याकाळची माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातात होती, आणि ती माझ्याकडे बघत नव्हती.