कपाटाची किल्ली

बऱ्हाणपूर नव्या राज्यात गेलं त्या साली तिथल्याच लालबागेत आमच्या घरी एक नट उतरला. एका दिवंगत लेखकाची भूमिका तो रंगमंचावर एकटाच करी. तो लेखक माझ्या आजोबांचा, आबांचा मित्र. त्याने आबांना लिहिलेल्या पत्रांवर नटाचा डोळा असणार, म्हणून पत्रांच्या कपाटाची किल्ली मी कमरेला खोचली.

त्याने पत्रं मागितलीच नाहीत. जेवताना तो आबांकडे टक लावून बघे.

"आबांकडे काय बघता एवढं?" मी शेवटी विचारलं.

"बेटा, त्या लेखकाला मी कधी पाहिलंच नाही. लोकांना एक खरा म्हातारा पाहिजे, बस."

प्रयोगात रंगमंचावरच्या लेखकाने वाक्य अर्धवट सोडलं आणि उपरण्याने चष्मा पुसला, थेट आबांसारखा.

मी शेजारी पाहिलं. उपरण्याने चष्मा पुसत आबा म्हणाले, "अगदी तोच गं, माझा मित्र."

किल्ली अजून माझ्या कमरेलाच होती.