कापसाची खूण

मानवतच्या बाजारात कापसाची प्रत पाहणारे एक गृहस्थ मला रहस्यकादंबऱ्या देतात. मला त्या वेगानं पळणाऱ्या आणि जरा वाकड्या विनोदाच्या लागतात. पुस्तक पुढे करताना कोरड्या चेहऱ्यानं म्हणतात, "घ्या, काल धरनं हसायलोय." हसू आलं त्या पानात ते कापसाचा पुंजका ठेवतात. मी उघडतो, तर तिथं हमखास कुणाचातरी खून. यात हसण्यासारखं काय, ते कळत नाही, तरी हसतो.

परवा त्यांच्या भावाच्या दहाव्याला गेलो. निघताना त्यांनी कादंबरी हातात दिली. "घ्या, काल धरनं हसायलोय." चेहरा तसाच.

घरी येऊन पुंजक्याचं पान उघडलं. त्यात कुणीच मेलं नव्हतं. दोन भाऊ एका ताटात जेवत होते.